वाचायची प्रत

पुस्तक न उघडता त्याच्यावर किती बोलता येतं, हे बघायचं असेल तर रविवारी सकाळी आमच्या घरी यायला हवं होतं. माझा नवरा आणि त्याचं संग्राहक मंडळ, मिळून चार पुरुष, चौघंही पन्नाशीच्या पुढचे. प्रत्येकाच्या घरी त्या एकाच पुस्तकाची एकेक प्रत, आणि चारही प्रती कंपनीच्या प्लास्टिकमध्ये जशाच्या तशा बंद. चर्चा मात्र अशी चालायची, की जणू पुस्तक ह्यांनीच लिहिलंय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

पुस्तक म्हणजे एका कॉमिक्स कंपनीचा अमृतमहोत्सवी ग्रंथ. ज्या कंपनीची कॉमिक्स हे लोक लहानपणी गादीखाली लपवून वाचायचे, तिचा सगळा इतिहास. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, वर खोका, खोक्याला मखमली फीत. वजन इतकं की कुरिअरवाला ते दारात ठेवून आधी भिंतीला टेकला आणि मग सही मागितली. मोजक्याच प्रती काढलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक. मंडळाचं म्हणणं असं, की प्लास्टिक फाडलं की पुस्तक मेलं. पूर्वी ही मंडळी प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती घ्यायची, एक ठेवायची आणि एक वाचायची. ह्या खेपेला किंमतच अशी होती की वाचायची प्रत कुणालाच परवडली नाही.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात. दुसरे वकील, त्यांना गप्प बसलेलं मी फक्त चहा पिताना पाहिलंय. तिसऱ्यांना सगळे कोपरे म्हणतात, कारण पुस्तक हातात आलं की ते आधी त्याचे चारही कोपरे तपासतात. मुलगा झाला तेव्हा नर्सने बाळ हातात दिलं, तर म्हणे ह्यांनी आधी त्याची कोपरं बघितली. चौथा माझा नवरा. मंडळात सगळ्यात शेवटी आलेला, म्हणून बैठक आमच्या घरी आणि चहा माझा. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आठवडाभर मी लोकांचं रक्त काढते, रविवारी हे चौघं माझं आटवतात.

"खोक्याचा वास घेतलात का?" वकील विचारायचे.

"वास प्लास्टिकचा येतोय हो."

"प्लास्टिकच्या आतून येतो. नीट घ्या. शाई भारी वापरलीय."

मग चौघंही आळीपाळीने खोक्याला नाक लावायचे. आणि हे सगळं खिडकीजवळच्या खुर्चीत बसून माझे बाबा ऐकत असायचे. त्या खोलीत त्या कंपनीच्या आत आयुष्य काढलेला तेवढा एकच माणूस होता.

बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा मंडळाने पहिल्या रविवारी त्यांना अगदी डोक्यावर घेतलं होतं. अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुम्ही म्हणजे चित्रशाळेत होतात! काय काढायचात?"

"काढत नव्हतो. काळं भरायचो."

"म्हणजे?"

बाबांनी समजावून सांगितलं. पेन्सिलीने चित्र साहेब काढायचे, म्हणजे मुख्य चित्रकार. खाली सही त्यांचीच. दुसरा माणूस त्याच्यावर शाईच्या रेघा ओढायचा. तिसरा संवादांच्या फुग्यांमधली अक्षरं. आणि जिथे जिथे साहेबांनी बारीकशी फुली मारून ठेवलेली असेल, तिथे बाबांनी ब्रशने काळं भरायचं. केस, सावल्या, बुटांचे तळवे, आणि मुख्य म्हणजे रात्र. कंपनीचा गुप्तहेर रात्रीच फिरायचा, ह्याचं वकिलांना लहानपणी फार गूढ वाटायचं. त्यात गूढ काही नव्हतं. दिवस काढायचा तर मागची घरं, झाडं, माणसं सगळं काढावं लागतं, वेळ जातो. रात्र काढायला फक्त बाबा लागायचे.

"म्हणजे चित्रं अशी तुम्ही काढलीच नाहीत," कोपरे म्हणाले.

"नाही ना," बाबा म्हणाले आणि हसले. त्यांना कशाचा राग येत नाही, ह्याचा मला लहानपणापासून राग येतो. कुणालाही नाही म्हणता येत नाही त्यांना. म्हणून तर आयुष्यभर दुसऱ्याच्या फुल्या भरत बसले. आईने त्यांच्या नखांतली शाई काढता काढता हाय खाल्ली आणि गेली, तरी नखं काळी ती काळीच. त्या रविवारनंतर मंडळाच्या लेखी बाबा म्हणजे खिडकीजवळचं एक कपाट.

पुस्तकाबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं, तेवढंच काय ते प्लास्टिकच्या बाहेर. एक दिवस नवरा ते मोठ्याने वाचून दाखवत होता. "कंपनीच्या चित्रशाळेचं आजवर अप्रकाशित छायाचित्र, दोन पानांवर." बाबा खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, पण त्या दिवशी लागला नाही.

"तो फोटो? आम्ही सगळे उभे आहोत तो?"

"असेल बाबा," नवरा म्हणाला.

"मी आहे त्यात. उजवीकडे गॅलरीचं दार आहे, डावीकडे साहेबांचं टेबल, मी बरोब्बर मधे. भावाचा शर्ट घातला होता." मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "मला एवढंच बघायचंय गं, डोळे मिटले होते का."

ही गोष्ट मला पाठ होती. फोटोग्राफरने दिवा उडवला त्या क्षणी आपण डोळे मिटले, अशी बाबांना शंका आली होती. फोटो मालकांच्या केबिनमध्ये लागला आणि बाबांचं काही त्या केबिनमध्ये जाण्यासारखं काम निघालं नाही. जे आत जाऊन आले, त्यांनी बाहेर येऊन थट्टा केली. "तू तर झोपलायस फोटोत!" एकाने म्हटलं म्हणून सगळ्यांनी म्हणायला सुरुवात केली. लग्नात म्हणाले, निवृत्तीच्या दिवशीही म्हणाले. खरं होतं की नुसती मस्करी, ते बाबांना कधी कळलं नाही. कंपनीने कॉमिक्स छापणं बंद केलं, नुसतं कार्यालय उरलं, मालक गेले, केबिन गेली, फोटोही कुठे गेला देव जाणे. आणि आता तो आमच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या आत होता.

दुसऱ्या कुणाचे डोळे असते तर मी म्हटलं असतं, थांबा. पण बाबांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांची झीज. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी एक करडा डाग दिसायचा, कडेकडेने मात्र दिसायचं. म्हणून ते मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तसं बघायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन पाहिली आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "ज्या कडा उरल्यात त्याही जातील. पुढच्या हिवाळ्यापर्यंत उजेड-अंधार तेवढा कळेल. काय दाखवायचं असेल ते दाखवून घ्या."

मी नवऱ्याला तसंच्या तसं सांगितलं.

"अगं, एका फोटोसाठी?" तो म्हणाला.

"त्यांच्या डोळ्यांसाठी."

"मला कळत नाही का? पण मंडळात मी काय तोंड दाखवू? सगळ्यांच्या प्रती बंद आणि माझीच फाटलेली?"

मी कंपनीच्या कार्यालयात फोन केला. फोटोचे हक्क वेगळ्या विभागाकडे होते आणि त्या विभागात फोन उचलणारं कुणी नव्हतं. कपाटाची किल्ली नवऱ्याच्या पँटच्या खिशात असायची, ती काढायला मला कितीसा वेळ लागणार होता? पण बाबांनीच अडवलं. "चोरून नको. माणसाची वस्तू आहे, तो देईल तेव्हा." जणू जावई नव्हे, मालकच.

दिलं ते शेवटी वकिलांच्या डोक्याने. एका रविवारी चहा पिऊन झाल्यावर ते एकदम म्हणाले, "आपण काखेत कळसा घेऊन बसलोय! काका पुस्तकात असतील, तर काकांची सही चारही प्रतींवर घेऊ. चित्रशाळेतलं जिवंत माणूस कोण उरलंय दुसरं? किंमत कुठल्या कुठे जाईल!"

"आणि प्लास्टिक?" कोपऱ्यांनी विचारलं.

"सही असेल तर प्लास्टिकची काय गरज? पण आधी एक प्रत उघडून खात्री करायची. नाव आहे का, फोटोत आहेत का. असले तर बाकीच्या तीन उघडायच्या."

"कुणाची उघडायची?" अध्यक्षांनी विचारलं, आणि तिघांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. सासरा ज्याचा, प्रत त्याची. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण मंडळात पहिल्यांदाच काहीतरी त्याच्यामुळे होणार होतं. तो हो म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले आणि आनंदाने नळ सोडून उगाच हात धूत राहिले.

बाबांना तर काय, आंधळा मागतो एक डोळा, अशी गत. नुसता फोटो बघायला मिळावा म्हणून बसले होते, तर वर सही. ह्या माणसाने पगाराच्या कागदाशिवाय कधी कुठे सही केली नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांवर मार्करने सह्या गिरवल्या. मी कामावरून आले की दाखवायचे. "ही बघ. ही जरा तिरकी गेली. साहेबांची सही खाली रेघ असलेली होती, मी रेघ नाही मारणार. बरं दिसत नाही." ओळी एकमेकींवर चढायच्या, पण प्रत्येक सही वेगळी आणि डौलदार. मी म्हटलं, "छान आहे." म्हणताना मला रडू आलं, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले की टेबलाला मार्करचे डाग पडतायत.

तो रविवार आला. मंडळ जरा ठेवणीतले कपडे घालून आलं होतं. बाबांनी दाढी केली होती, हनुवटीखाली एक पट्टा राहिला होता. अध्यक्षांनी दवाखान्यातून पातळ हातमोजे आणले होते. पुस्तक ठेवायला त्यांनी स्पंजाचे दोन उतरते तुकडे आणले, मधे खाच. पुस्तक त्या खाचेत ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना अर्धवट उघडायचं, त्याच्यापुढे नाही. पुढे गेलं की कण्याला ताण येतो. पाठीचा मणका मोडलेल्या माणसालासुद्धा इतक्या हळुवारपणे उचलताना मी कुणाला पाहिलं नाही, आणि हॉस्पिटलं मी बरीच पाहिली आहेत.

प्लास्टिक ब्लेडने कापलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. बाबा स्पंजापाशी मान वाकडी करून बसले, हातात टोपण काढलेला मार्कर.

"तो लांब ठेवा हो काका!" कोपरे किंचाळले. बाबांनी टोपण लावलं.

अध्यक्ष एकेक पान उलटत गेले. पहिला अंक, पहिलं छापखान्याचं यंत्र, मालकांचा कुत्रा. कुत्र्याला अख्खं पान. मग फोटोचं पान आलं.

"आला," अध्यक्ष म्हणाले. "खाली नावं आहेत. डावीकडून." त्यांनी मालकांचं नाव वाचलं, साहेबांचं वाचलं, संपादकांचं, एका जाहिरातवाल्याचं, आणि थांबले.

"पुढे?" वकील म्हणाले.

"पुढे 'आणि इतर'."

कोपऱ्यांनी हातमोजा काढायला सुरुवात केली.

"इतरची सही घेऊन काय करणार?" वकील म्हणाले. बाबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. "उलट कुणीतरी रेघोट्या मारल्यात म्हणून भाव पडेल. बरं झालं बाकीच्या तीन उघडल्या नाहीत."

"माझी उघडली ना," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"त्याला आता काय करणार? कुणीतरी उघडायचीच होती."

बाबांनी मार्कर खिशात ठेवला. सहीचं त्यांनी मनावर घेतलं नसावं, किंवा घेतलं असलं तरी दाखवलं नाही. ते म्हणाले, "असू दे, असू दे. पण मी कुठे आहे त्यात?"

अध्यक्ष वाकून बघायला लागले. डाव्या पानावर टेबल होतं, साहेब होते. उजव्या पानावर गॅलरीचं दार होतं. आणि बरोब्बर मधे, जिथे दोन पानं शिवणीत जातात, तिथे एक शर्टाचा खांदा आत गेला होता आणि पलीकडून दुसरा खांदा बाहेर आला होता.

"काका, तुम्ही घडीत गेलात," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसापुढे हसतात तसं, प्रेमळ. "खांदे आहेत. मधला भाग दिसत नाही."

"थोडं जास्त उघडलं तर?"

"नाही हो, कणा जाईल."

"थोडंसं."

"बाबा, कणा जाईल," नवरा म्हणाला.

"बरं बरं. पण किंचित? मी कडेने बघतो, मला जास्त नाही लागणार."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ज्या माणसाला मी उभ्या जन्मात कशासाठीही हट्ट करताना पाहिलं नाही, तो तिसऱ्यांदा मागत होता, आणि चार बाप्ये हाताची घडी घालून उभे होते. माझं डोकं फिरलं. ट्रे मी कपाटावर आपटला, अध्यक्षांना कोपराने बाजूला सारलं, स्पंजाचे तुकडे ओढून फेकले आणि पुस्तक टेबलावर सपाट ठेवून दोन्ही तळहातांनी सगळ्या अंगाचा जोर देऊन दाबलं.

वाळलेली फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

"बघा बाबा!" मी ओरडले. "बघा लवकर!"

मी स्वतः फोटो बघितला नाही. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी मान वाकडी केली, डाव्या डोळ्याची कड त्या पानावर आणली, ओठ किंचित उघडले, आणि तेवढ्यात नवऱ्याने पुस्तक माझ्या हाताखालून ओढलं. त्याने ते छातीशी धरलं. कण्याचं कापड सुटून लोंबत होतं. त्याची आई गेली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले होते, तेव्हाही त्याचं तोंड असं झालं नव्हतं.

"दिसलं का?" मी बाबांना विचारलं.

"येत होतं," बाबा म्हणाले. "कॉलर दिसली."

पुढचं जे झालं ते मला आजही खरं वाटत नाही. दोन-चार मिनिटं चौघं सुतकात बसले. मग कोपरे उठले, नवऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "संपलं हे. आता ह्याला कशाचीच भीती नाही." आणि त्यांनी ते हातमोजे न घालता, थेट मांडीवर उघडलं. वकील त्यांच्या शेजारी सरकले. अध्यक्ष पलीकडून. "अरे, हा अंक माझ्याकडे होता!" "मागे घ्या, मागे घ्या, तो कुत्रा बघू." पाहता पाहता तिघं बोटं चाटून पानं उलटायला लागले. इतक्या रविवारांची भूक होती ती. आपली प्रत न फोडता पुस्तक वाचायला मिळत होतं, आणखी काय हवं? नवरासुद्धा थोड्या वेळाने खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसला. बाबा टेबलापाशी, जिथे पुस्तक होतं तिथे, मान वाकडी करून तसेच बसून होते.

"आता ह्यांना द्या ते," मी म्हटलं.

"वहिनी, नियम आहे," अध्यक्ष म्हणाले. "फुटलेली प्रत मंडळाची वाचायची प्रत होते. सभासदांनी क्रमाने न्यायची. काकांना मिळेल ना, सगळ्यांचं झालं की."

"सभासद चार आहेत. बाबांचे डोळे त्याआधी जातील."

"असं अभद्र नाही बोलायचं," वकील म्हणाले.

आणि बाबा काय म्हणाले असतील? "घेऊन जा, घेऊन जा. वाचा सावकाश. मग आणा." मला त्या क्षणी ह्या चौघांपेक्षा बाबांचा जास्त राग आला.

पुस्तक आधी अध्यक्षांकडे गेलं. मी फोन करून सांगितलं, निदान त्या पानाचा फोटो काढून पाठवा, मोबाइल तर आहे ना. म्हणाले, जरूर. पाठवला. पुस्तकाच्या पाठीचा, तुटलेल्या कण्याचा, जवळून. खाली लिहिलं होतं, "नुकसान पाहा." मग पुस्तक वकिलांकडे गेलं आणि तिथे राहिलं, कारण वकिलांना कुठलीच गोष्ट संपवायची सवय नाही. मग कोपऱ्यांकडे. दरम्यान नवऱ्याने आपला नंबर सोडला. त्याला ते पुस्तक डोळ्यांसमोर नको होतं, आणि मीही फारशी नको होते. बाबा रविवारी मंडळ आलं की विचारायचे, "वाचून झालं?" आधी ते त्यांच्या डावीकडे बघून विचारायचे. मग कुठेही बघून विचारायला लागले. थंडी पडायच्या आत खिडकी कुठे आहे तेवढंच त्यांना कळत होतं.

मग एका रविवारी मंडळ पुस्तक घेऊन आलं. खोक्याला नवी फीत लावली होती. अध्यक्ष उभे राहून बोलले, की मंडळातर्फे काकांना ही प्रत कायमची भेट. बाबा उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले, भिंतीच्या दिशेने. वकिलांनी त्यांना खांद्याला धरून वळवलं.

"आणि वहिनी, घाबरू नका, मोडकी नाही दिलेली," कोपरे म्हणाले. "मला राहवेना. चांगल्या बाइंडरकडे टाकली. कणा पुन्हा शिवून, खळ लावून, दाबाखाली ठेवला. आधीपेक्षा मजबूत झालीय."

मी पुस्तक हातात घेतलं. खरंच सुंदर काम होतं. मी फोटोचं पान काढलं. टेबल होतं, दार होतं, आणि मधे आता खांदेसुद्धा नव्हते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी वाचलं ना हे? फोटो बघितलात ना, मोडलेलं होतं तेव्हा?"

"कितीतरी वेळा."

"ह्यांचे डोळे उघडे होते की मिटलेले?"

अध्यक्षांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी कोपऱ्यांकडे.

"कुणाचे?" कोपरे म्हणाले.

त्यांचा चहा झाला, ते गेले. नवरा त्यांना पोचवायला खाली गेला. मी बाबांना टेबलापाशी बसवलं आणि पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी दोन्ही पानांवरून हात फिरवला आणि एक बोट मधल्या घडीत घातलं.

"इथे ना?"

"हो. इथेच."

"दिसतोय का मी?"

"बाबा, त्यांनी परत शिवलंय."

"मग दाब की," बाबा म्हणाले. "त्या दिवशी दाबलंस तसं. आता आपलंच आहे ते."

मी उभी राहिले. दोन्ही तळहात ठेवले आणि दाबलं. बाबांनी मान वर केली होती, कान पुढे, तोंड थोडं उघडं, फटाका कधी वाजतोय म्हणून लहान मूल थांबतं तसे ते थांबले होते. मी कोपरं टेकवून दाबलं, अंगाचा सगळा भार टाकून दाबलं, माझ्या मनगटात कळ गेली. बाइंडरने काम चोख केलं होतं. ते हललं नाही.

माझा श्वास खाली बसेपर्यंत मी थांबले.

"उघडे आहेत, बाबा," मी म्हटलं. "टक्क उघडे. छान आलायत."

बाबांनी घडीतलं बोट काढलं आणि पुस्तक चाचपून बंद केलं.

"आवाज नाही आला," ते म्हणाले.